'दस्त' आणि 'हस्त'



मुलांच्या निबंधांतील फारसी शब्दांवर लाल शाईची रेघ ओढण्यांत माझ्या शिक्षकी आयुष्याचीं बरींच वर्षें गेलीं. एकदां एका विद्यार्थ्यानें 'जबरदस्त पाऊस' असें लिहिलें. मीं तो शब्द खोडला, समासांत 'परकीय' असा शेरा मारला आणि एक गुण कापला. मुलगा मुकाट्यानें जागेवर जाऊन बसला. त्याच शब्दाची कैफियत आज मी आपणांपुढें मांडणार आहें.

फारसींत 'दस्त' म्हणजे हात व 'जबर' म्हणजे वर. ज्याचा हात वर, तो जबरदस्त. हातचें लिखाण तें दस्तखत, म्हणजे सही. संकटांत हात धरणारा तो दस्तगीर. हातीं धरून ज्याच्या आधारें उभें राहावें, तो कागद दस्तऐवज. हातांत मावेल एवढी जुडी तो दस्ता. म्हणूनच कागदाच्या २४ तावांना आपण दस्ता म्हणतों. घर घेतांना कचेरींत आपण दस्त नोंदवितों, तेथेंही हा हात आहेच.

आतां, हा हात परका कीं आपला? संस्कृतांत त्याला 'हस्त' म्हणतात. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेंत तोच 'झस्त' होतो. इराणच्या दर्युश राजानें इ. स. पूर्वी ५२० च्या सुमारास बेहिस्तून येथील कड्यावर लेख कोरविला. त्यांतील जुन्या फारसींत तो 'दस्त' आहे. हा केवळ योगायोग नव्हे. संस्कृत 'अहम्' हा शब्द घ्या. अवेस्तेंत त्याचा 'अझेम्' व जुन्या फारसींत 'अदम्' होतो. म्हणजे 'ह', 'झ' आणि 'द' यांचा हा फेर नियमानें चालतो. आपली 'बाजू' देखील फारसींत मूळची भुजाच. संस्कृत 'बाहु' ही तिची सख्खी बहीण.

शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देवविले. राज्य स्वतःचें, तर त्याची भाषाही स्वतःची असावी, हा विचार योग्यच होता. तरीही मुख्यप्रधानाला लोक १८१८ पर्यंत 'पेशवा'च म्हणत राहिले. शब्द नेमणें दरबाराच्या हातीं असतें; तो रुजविणें लोकांच्या जिभेवर असतें.

मराठीचें घर पाहुण्यांनीं भरून टाकावें, असें मी म्हणत नाहीं. सोपा मराठी शब्द असतांना फारसीची ऐट कशाला? पण कोणाला बाहेर काढण्यापूर्वीं त्याचें कूळ तरी विचारावें. आणि नातें नसलें, तरी शतकानुशतकें जो घरांत राबला, त्याला केवळ जन्मावरून परका ठरविणें न्यायाचें नाहीं.

तो विद्यार्थी आतां चांगला प्रौढ झाला असेल. कदाचित् तो हें ऐकतही असेल. बाळ, तुझा तो एक गुण मी आज परत करीत आहें.