जपानातला सुरण

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या. गेल्या वर्षी धाकट्या जावेच्या बाळंतपणासाठी मी टोकियोला गेले होते. तिथल्या मोठ्या दुकानांविषयी पुष्कळजणींनी विचारले. पण मला सांगायचे आहे ते शिमोनिता या डोंगरातल्या गावाविषयी.

नोव्हेंबरात भावोजी मला तिकडे घेऊन गेले. ताकासाकीहून छोटी आगगाडी निघते, १८९७ सालापासूनची. तासाभराने शेवटचे स्टेशन शिमोनिता. उतारावरच्या शेतात एक आजीबाई गड्डे काढत होत्या. पाहते तो सुरणच! तिकडे त्याला कोन्याकू म्हणतात. आपल्या सुरणाच्याच कुळातला. मी कौतुकाने हातात घेतला आणि व्हायचे तेच झाले, हात खाजू लागला. आजीबाई मनापासून हसल्या.

आपण सुरणाला चिंच किंवा आमसूल लावतो, त्या लावतात चुना! गड्डा वाळवून दळतात, पीठ पाण्यात कालवून चुन्याची निवळी घालतात आणि उकळतात. मग वडीसारखा घट्ट, लिबलिबीत पदार्थ होतो. खरे सांगायचे तर त्याला चव अशी नाहीच. रश्श्यात पडला की रश्श्याची. जपानातला ९० टक्क्यांहून जास्त कोन्याकू या एकट्या गुन्मा प्रांतात होतो.

पण कष्ट किती! गड्डा थंडीत कुजतो म्हणून दर वर्षी काढायचा, हिवाळाभर उबेत ठेवायचा, वसंतात पुन्हा लावायचा. असे दोन-तीन वर्षे केले म्हणजे विकण्याजोगा होतो. तिथली नेगी म्हणजे जाडजूड पातीचा कांदा, तोही पंधरा महिन्यांचा, दोनदा उपटून लावायचा. कच्चा झणझणीत, शिजवला की गोड.

मी भावोजींकरवी विचारले, मुले काय करतात? दोघेही शहरात. "यंदा निम्मेच लावले. पुढच्या वर्षीचे कंबर सांगेल," आजीबाई म्हणाल्या.

मला सासूबाई आठवल्या. आमच्या गावच्या परसात त्या मोठा गड्डा काढला की बाजूचे पिल्लू जपून पुन्हा मातीत पुरत. त्या गेल्या आणि आम्ही कुणी ते केले नाही. मीही बाजारातूनच आणते. गेल्या मे महिन्यात गावी जाऊन परस उकरला, काही मिळाले नाही. त्या जातीचा गड्डा कुणाच्या माहेरी असेल तर मला एक पिल्लू हवे आहे. पावसाआधी लावायचे आहे.