झडीनंतर घरातली बुरशी

पावसाची झड लागून गेली, की घरात कुबट वास सुटतो. भिंतीला ओल धरते, पोत्याच्या तळाला हिरवट-पांढरी बुरशी चढते. "ऊन पडलं की जाईल," असं आपण म्हणतो. पण उन्हानं बुरशी सुकते. तिनं धान्यात सोडलेलं विष तसंच राहतं.

१९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा भागात अवेळी पावसानं भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं काविळीनं दगावली. ते विष अफ्लाटॉक्सिन. धुऊन, भाजून, शिजवूनही ते पुरतं जात नाही.

तेव्हा काय करावं? उघडीप मिळताच पोती बाहेर काढा. नाकातोंडाला फडकं बांधा. भिंतीवरची बुरशी ओल्या फडक्यानं पुसून घ्या. कोरडीच झाडली तर घरभर उडते. आधी गळती बुजवा, भिंत वाळू द्या, मगच चुना मारा. पोती भुईवर नकोत, भिंतीला टेकूनही नकोत. फळ्यांवर, हातभर अंतर सोडून रचा. भुईमुगाची शेंग कानाशी हलवून पाहा. दाणे खुळखुळले तरच भरा.

बुरशीचं धान्य चांगल्यात मिसळू नका, गुरांनाही घालू नका. हे विष दुधात उतरतं. सरळ खड्डा करून पुरा. चार पायल्या गेल्या तर पुढच्या सुगीला येतील. गेलेलं माणूस येत नाही.