सीमा हलली, माणसे तिथेच राहिली
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही व्याख्याता नाही. बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. सोव्हिएत संघ फुटल्यावर त्याच्या नव्या देशांचे काय झाले, हा माझा विषय ऐकून एका काकांनी विचारले, "अरे, बऱ्हाणपूरच्या माणसाला त्याचे काय?" काका, आहे. पुष्कळ आहे.

डिसेंबर १९९१ मध्ये एका देशाचे १५ देश झाले. ज्या ताश्कंदला १९६६ साली शास्त्रीजींनी करार केला आणि यशवंतराव चव्हाण त्यांच्याबरोबर होते, ते शहर आता उझबेकिस्तानची राजधानी आहे. झेंडे बदलले, पण सुरुवातीला नोट तीच राहिली, रूबल. नोटा छापायच्या फक्त मॉस्कोने, पण कर्ज वाटायची मुभा प्रत्येक देशाच्या बँकेला! म्हणजे खाते एक आणि चेकबुके पंधरा. पुढे काय होणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. १९९२ या एका वर्षात रशियात भाव सुमारे २६ पट झाले. युक्रेनमध्ये १९९३ साली महागाई १०,००० टक्क्यांच्या वर गेली. म्हाताऱ्यांची जन्मभराची बचत पासबुकात तशीच होती, पण तिची किंमत संपली. नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेऊन आपले पेन्शनर काउंटरवर येतात, तेव्हा मला त्या लोकांची आठवण होते.

एस्टोनियाने जून १९९२ मध्ये आपले चलन काढले, ते जर्मन मार्काशी बांधले आणि राखीव गंगाजळीइतक्याच नोटा काढायच्या, असा नियम पाळला. सुरुवातीला हाल झाले, पण देश सावरला. २००४ मध्ये युरोपीय संघात गेला. उलट ताजिकिस्तानात १९९२ ते १९९७ यादवी चालली. म्हणजे स्वातंत्र्य मिळाले की प्रगती आपोआप होते, असे नाही. हिशोब आणि कायदा आधी नीट लागतो.

आता आपल्याशी संबंधित गोष्ट. त्या फुटीत सुमारे अडीच कोटी रशियन माणसे रशियाबाहेर राहिली. ती कुठे गेली नव्हती, सीमाच त्यांच्या अंगणातून गेली. लॅटव्हियात सुमारे ७ लाख लोक नागरिकत्वाविना राहिले. त्यांना भाषेची परीक्षा द्यावी लागली. कझाकस्तानने मात्र तिथे राहणाऱ्या सर्वांना नागरिकत्व दिले.

मंडळी, सीमा आपल्याही अंगणातून गेली आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे ८ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो, राजधानी भोपाळ झाली. विदर्भ आणि आपण, मधे राज्याची हद्द. पण आपला रुपया तोच राहिला, रेल्वे तीच, सुप्रीम कोर्ट तेच. राज्य पुनर्रचना कायद्यात मालमत्ता, कर्ज आणि पेन्शन यांच्या वाटणीची कलमे होती. बचत बुडाली नाही, नागरिकत्व कोणी विचारले नाही. त्याच वर्षी ७ वी घटनादुरुस्ती झाली. कलम ३५०-क ने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे सांगितले.

हे भाग्य थोडे नाही. पण कागदावरचा हक्क खात्यातल्या पैशासारखा असतो. वर्षानुवर्षे व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय होते. शाळेत मराठी मागणारे पालकच नसतील, तर शिक्षक कोणासाठी नेमायचा? जनगणनेचा कर्मचारी दारात आल्यावर सवयीने "हिंदी" सांगितले, तर आपली संख्या कोण मोजणार?

हिंदीशी आपले भांडण नाही. ती आपल्या बाजाराची, कचेरीची आणि शेजाऱ्याची भाषा आहे, ती उत्तम यायलाच हवी. पण घरात नातवाशी मराठी बोला. मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहा. आणि दहा-वीस घरे मिळून शाळेत मराठीसाठी लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच मात्र घ्यायला विसरू नका, हे कारकून म्हणून सांगतो.

इतके बोलून मी आपली रजा घेतो. जय हिंद!