शाळेची चौकशी पहिल्याच भेटीत



अध्यक्षीय भाषणात अपस्मारावरच्या उपचारांतल्या वर्षभराच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. नवी औषधं, शस्त्रक्रिया, जनुकीय चाचण्या यांवर इथे भरपूर बोललं जाणारच आहे, तेव्हा तो रिवाज मी मोडतो. मला बोलायचंय ते आपल्या ओपीडीतल्या केसपेपरवरच्या एका ओळीबद्दल: 'झटके नाहीत. सी.एस.टी.' तीच औषधं चालू. आपण पुढच्या पेशंटला हाक मारतो, पण आई दारातच घुटमळते. "डॉक्टर, फिट थांबल्या, पण पाढे काही त्याच्या लक्षात राहत नाहीत हो." आपलं उत्तर ठरलेलं असतं: आजारामुळे होतं, औषधामुळे होतं, सुधारेल हळूहळू.

हे उत्तर अपुरं आहे, हे कळूनही बराच काळ लोटला. २००१ साली अमेरिकेत जोन ऑस्टिन आणि सहकाऱ्यांनी नुकताच पहिला झटका आलेली मुलं घेतली आणि झटक्याआधीच्या सहा महिन्यांतल्या त्यांच्या वागण्याची तुलना त्यांच्याच भावंडांशी केली. वर्तनाच्या तक्रारी या मुलांत आधीपासूनच जास्त निघाल्या. पुढे विस्कॉन्सिनमध्ये ब्रूस हर्मन यांच्या गटाने नव्याने निदान झालेल्या ८ ते १८ वयाच्या मुलांचा शाळेतला इतिहास खणला. अभ्यासातल्या अडचणी पुष्कळांच्या बाबतीत पहिल्या झटक्याच्याही आधीच्या होत्या, म्हणजे औषधाची पहिली गोळी पोटात जायच्या आधीच्या. याच गटाने दोन वर्षांनी पुन्हा एम.आर.आय. केले. मेंदूच्या भागांना जोडणारे तंतू ज्यात असतात तो पांढरा भाग या वयात वाढत असतो. अपस्मार असलेल्या मुलांत ही वाढ मंदावलेली दिसली, विशेषतः कपाळामागच्या फ्रंटल भागात. सूचना लक्षात ठेवणं, एक काम पुरं करून दुसऱ्याकडे वळणं, ही तिथली कामं. झटका आणि पाढे विसरणं, दोन्हींचं मूळ पुष्कळदा एकच असावं, असं मला वाटतं. आपण उपचार करतो तो त्यातल्या दिसणाऱ्या फांदीवर.

एक सावधगिरी मात्र हवी. ही सगळी गटांची सरासरी आहे. एकट्या मुलाच्या फिल्मवर डोळ्यांनी हे वाचता येत नाही. म्हणून 'एम.आर.आय. नॉर्मल' म्हणजे शिकण्याची अडचण नाही, असं समजू नये. आणि 'मेंदूची वाढ कमी आहे' असं सांगून आईबापांची झोप उडवणं तर त्याहून वाईट. अपस्मार असलेल्या कितीतरी मुलांची बुद्धिमत्ता अगदी इतरांसारखीच असते.

अ‍ॅबसेन्स झटक्यांच्या मुलाची शुद्धलेखनाची वही कधी मागून बघा. ओळ नीट चाललेली असते, मध्येच एका अक्षराची शेपटी खाली ओघळते, दोन-तीन शब्द गळतात आणि पुढचं वाक्य जणू काही झालंच नाही असं सुरू होतं. बाईंनी लाल शाईत 'लक्ष दे' असं लिहिलेलं असतं. औषधाने हे थांबतं. लक्षाची तक्रार सगळी थांबतेच असं नाही. याच आजाराच्या ४५३ मुलांवरची चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. इथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट दोन्हींनी झटके जवळपास सारखेच आटोक्यात आले, पण लक्षाच्या अडचणी व्हॅल्प्रोएटवर जास्त आढळल्या. सुमारे एक तृतीयांश मुलांत तर त्या औषधाआधीच होत्या, आणि झटके थांबल्यावरही पुष्कळांत टिकल्या. फेनोबार्बिटोनचं काय सांगावं! ज्वराच्या झटक्यांसाठी ते दिलेल्या लहान मुलांचा बुद्ध्यंक दोन वर्षांनी तुलनेच्या गटापेक्षा सरासरी ८.४ गुणांनी कमी भरला, हे १९९० साली छापून आलं. स्वस्त आहे, हाताशी आहे, म्हणून आपण ते आजही लिहितो. पोर 'शांत झालंय' म्हणून घरचेही खूश असतात.

प्रत्येक तालुक्याला मानसशास्त्रज्ञ कुठून आणायचा, असं कुणी म्हणेल. रास्त आहे. पण इयत्ता कोणती, वाचता येतं का, बाई काय म्हणतात, हे विचारायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. शंका आली तर तपासणीला पाठवावं. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, परीक्षेतल्या सवलतीही आहेत. दाखला वेळेवर मिळाला तरच त्यांचा उपयोग.

पहिल्या भेटीच्या केसपेपरसाठी या तीन प्रश्नांचा मसुदा आपल्या फोल्डरमध्ये ठेवला आहे. दुपारच्या सत्रात तो चर्चेला येईल. त्यावर खाडाखोड करून आणा.