नकाशाची कॉपी नको, खिडकी हवी

आजचा विषय डेटाबेसचा आहे, पण सुरुवात पाण्याच्या टँकरपासून करतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमची टीम एका संस्थेसाठी टँकरच्या फेऱ्या ठरवणारं सॉफ्टवेअर बनवत होती. फील्डवरची मंडळी क्यूजीआयएसमध्ये वाड्यांचे पॉइंट टाकायची. ती जिओपॅकेज फाइल सर्व्हरवर असायची. मी एकदा ती पोस्टग्रेसमध्ये इम्पोर्ट केली आणि निवांत झालो.

मग एका दुपारी फील्डवरच्या ताईंचा फोन आला. "दादा, दोन दिवस टँकर नाही. तुमच्या यादीत आमची वाडीच नाहीये." फाइलमध्ये वाडी होती. माझ्या टेबलमध्ये नव्हती, कारण माझं टेबल म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीची कॉपी होती. चूक शंभर टक्के माझी.

यावर उपाय आधीपासून होता. पोस्टग्रेसमध्ये २०११ च्या ९.१ आवृत्तीपासून 'फॉरेन टेबल' आहे. म्हणजे दिसायला टेबल, पण डेटा बाहेर. नकाशांसाठी पोस्टजीआयएसवाल्या पॉल रॅमसी यांनी 'ओजीआर एफडीडब्ल्यू' हे एक्स्टेन्शन लिहिलंय. त्याच्या पोटात जीडाल ही लायब्ररी आहे. त्यामुळे शेपफाइल, जिओजेसन, जिओपॅकेज, अगदी साधी सीएसव्हीसुद्धा त्याला वाचता येते.

करायचं काय? आधी एक्स्टेन्शन तयार करा. मग 'क्रिएट सर्व्हर' लिहून फाइलचा पत्ता आणि फॉरमॅट सांगा. शेवटी 'इम्पोर्ट फॉरेन स्कीमा'. झालं! आता 'सिलेक्ट' मारलं की त्या क्षणी फाइल वाचली जाते. सकाळी टाकलेली वाडी दुपारच्या यादीत येते.

पण तीन ठिकाणी मी आपटलोय, तुम्ही आपटू नका.

एक, फाइल डेटाबेस ज्या मशीनवर आहे तिथून दिसली पाहिजे. तुमच्या लॅपटॉपवरची चालणार नाही. आणि पोस्टग्रेस ज्या युजरखाली चालतं, त्याला ती वाचायची परवानगी हवी.

दोन, फॉरेन टेबलवर पोस्टग्रेसचा इंडेक्स बनवता येत नाही. मोठ्या जॉइनला क्वेरी रेंगाळते. अशा वेळी मटेरियलाइज्ड व्ह्यू करा आणि ठरावीक वेळेला रिफ्रेश करा. हो, ही पण कॉपीच, पण ती किती शिळी आहे हे तुम्हाला माहीत असतं.

तीन, जीपीएसचे पॉइंट बहुतेक वेळा ४३२६ मध्ये असतात, म्हणजे अंशांमध्ये. तसंच अंतर काढलं तर उत्तरही अंशांत येतं. आमचं काम पुण्याच्या पट्ट्यात होतं, म्हणून एसटी ट्रान्सफॉर्मने ३२६४३ मध्ये नेलं. मग उत्तर मीटरमध्ये मिळालं.

आता कुठलीही फाइल इम्पोर्ट करण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: ही उद्या बदलली, तर मला कोण सांगणार? उत्तर 'कुणीच नाही' असेल, तर कॉपी करू नका, खिडकी उघडा. कारण त्या टेबलमधली एक ओळ म्हणजे कुणाच्या तरी घरचं पाणी असतं.

चला, भेटू पुढच्या भागात!