घटस्फोटाचा दावा आणि लेखी प्रश्नोत्तरे



घटस्फोटाच्या दाव्यात पोटगीचा प्रश्न निघाला की एका बाजूचे उत्पन्न एकाएकी आटते, तर दुसऱ्या बाजूचा खर्च वाढतो. खरे काय ते कागदपत्रेच सांगतात. परंतु ती बहुधा एकाच पक्षाच्या पेटीत असतात.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या आदेश ११ मध्ये यावर उपाय आहे. न्यायालयाच्या परवानगीने एक पक्ष दुसऱ्यास लेखी प्रश्न विचारू शकतो. त्यांची उत्तरे दहा दिवसांत, अथवा न्यायालय देईल त्या मुदतीत, शपथेवर द्यावी लागतात. दस्तऐवज हजर करण्याचा हुकूमही मिळू शकतो. तो न पाळल्यास वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो आणि प्रतिवादीचा बचाव काढून टाकला जाऊ शकतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निवाड्यानुसार पोटगीच्या प्रकरणात पतिपत्नी दोघांनीही मालमत्ता व देणी यांचे शपथपत्र द्यावयाचे आहे. शेतकरी कुटुंबांसाठी त्याचा नमुना निराळा आहे. त्यातील मजकुराविषयी वाद उद्भवल्यास वर सांगितलेले लेखी प्रश्न उपयोगी पडतात.

येथे आपला संबंध येतो. सातबारा उतारा, घरपट्टीची नोंद, पगाराचा दाखला ही कागदपत्रे आपल्याच कार्यालयांतून व शाळांतून मिळतात. नोंदीत असेल तेच, कोणाची भीड न धरता आणि वेळेवर द्यावे. दाखला महिनाभर रखडला, तर तेवढा महिना एखाद्या आईला मुलांसाठी उसनवारी करावी लागते.