‘डू द नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं?

 

आज घेऊया अर्जाच्या शेवटी हमखास येणारं एक वाक्य : ‘प्लीज डू द नीडफुल.’ नीडफुल म्हणजे आवश्यक ते. पूर्ण अर्थ, ‘जे करणं आवश्यक आहे ते कृपया करावे.’

हा प्रयोग भारतीयांनी घडवलेला नाही. तो इंग्लंडमधलाच जुना, इंग्रजी कारभाराबरोबर आपल्या कचेऱ्यांत आला. तिकडे तो मागे पडला, इथे टिकला. म्हणून लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या माणसाला तो आज जुनाट वाटतो. व्याकरणाने मात्र तो बरोबर आहे. फक्त ‘द’ गाळू नका. ‘डू नीडफुल’ चूक. आणि ‘प्लीज’ लिहिलंत तर वर ‘काइंडली’ नको.

आता वापर. इथून, म्हणजे पंचकुल्याहून, जवळच चंडीमंदिरला सैन्याच्या पश्चिम कमांडचं मुख्यालय आहे. त्यामुळे या भागात फौजेतली मराठी घरं भेटतात. आमच्या शेजारी साताऱ्याकडच्या एक काकू राहतात. यजमान फौजेत होते. ते गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचं काम अडलं, कारण काकूंचं नाव नोंदीत एक आणि आधार कार्डावर वेगळं. मुलाने अर्ज लिहिला : नावात चूक आहे, प्लीज डू द नीडफुल.

दोन महिने काही झालं नाही. शेवटी मी त्यांच्याबरोबर गेलो. खिडकीवरच्या बाबूने अर्ज पुढे केला आणि विचारलं, ‘इसमें सही नाम कौनसा है, जी?’

खरंच, ते अर्जात कुठेच नव्हतं! त्याने कळवायला हवं होतं, हे खरं. पण आवश्यक काय, हे ठरवण्याचं काम आपणच त्याच्या गळ्यात घातलं होतं.

तिथेच बसून नवा अर्ज लिहिला. ‘प्लीज करेक्ट माय नेम अ‍ॅज पर द एन्क्लोज्ड आधार कार्ड अँड इन्फॉर्म मी इन रायटिंग.’ सोबतच्या आधार कार्डाप्रमाणे नाव दुरुस्त करा आणि लेखी कळवा. आधारची प्रत जोडली, पोच घेतली. पुढे नाव दुरुस्त झालं.

मग हा प्रयोग वापरायचाच नाही का? वापरा. काम दोघांनाही ठाऊक असेल तिथे तो चालतो. साहेबांनी ठरलेल्या कामाची फाइल खाली पाठवताना लिहिलं, तर हाताखालच्याला पुढचं कळतं. अनोळखी कचेरीला लिहिताना मात्र तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : काय करायचं, कशाच्या आधारे, आणि कधीपर्यंत.

हा दोष एकट्या इंग्रजीचा नाही बरं का. इथल्या हिंदी कागदावर ‘आवश्यक कार्यवाही हेतु’ असतं, महाराष्ट्रातल्या पत्रावर ‘योग्य ती कार्यवाही करावी’. तिन्ही वाक्यं अदबीची. पण योग्य ती म्हणजे कोणती, हे तिन्हींत राहूनच जातं.

तेव्हा आजचा गृहपाठ. तुमचा एखादा जुना अर्ज काढा आणि ‘नीडफुल’च्या जागी नेमकं काम लिहून पाहा. ते लिहिता आलं नाही, तर समजा, काय हवंय हे अजून आपलंच ठरलेलं नाही.

भेटूया पुढच्या भागात.